पुस्तक लिहायला घेताय? आधी हिशेबाची वही उघडा

मराठीत पुस्तक लिहून पैसे मिळत नाहीत असं सगळे सर्रास म्हणतात. ते पूर्ण खरं नाही, आणि एका पुस्तकावर घर चालतं हेही खरं नाही. पहिल्या आवृत्तीत खर्च निघाला तरी पुष्कळ झालं. पैसा दिसायला लागतो तो दुसऱ्या छपाईपासून, कारण संपादन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ हे खर्च तोवर फिटलेले असतात आणि उरतो फक्त कागद-छपाईचा. त्यामुळे विषय निवडण्यापासून करारावर सही करण्यापर्यंत प्रत्येक वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हे पुस्तक दुसऱ्यांदा छापायची वेळ आली तर माझ्या हातात काय काय असेल?

पुढे जे लिहिलंय ते या प्रश्नाला धरून. सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. सांगोल्याकडचे एक डाळिंब बागायतदार आहेत. वर्षानुवर्षांच्या नोंदवह्या त्यांच्याकडे आहेत आणि लहान शेतकऱ्यासाठी डाळिंबावर पुस्तक काढायचं त्यांच्या मनात आहे.

गिऱ्हाईक आधी, प्रकरणं नंतर

'सर्वसामान्य वाचकांसाठी' असं ज्या पुस्तकाबद्दल लेखक सांगतो, ते विकायचं कुठे हे बहुधा त्यालाही माहीत नसतं. एका कागदावर तीन ओळी लिहा: कोण घेईल, कुठून घेईल, कधी घेईल. आपल्या बागायतदारांचा कागद असा होईल. घेणारा: दोन-चार एकरवाला, ज्याची बाग तेल्या रोगाने किंवा मर रोगाने एकदा तरी गेलेली आहे. कुठून: पुस्तकाच्या दुकानातून नाही, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरून, रोपवाटिकेतून, डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला भरणाऱ्या किसान या शेती प्रदर्शनातून. कधी: बहार धरायचं, म्हणजे झाडाला कोणत्या हंगामात फुलं-फळं आणायची हे, ठरवण्याआधी. मृग बहाराला जून-जुलैत सुरुवात होते, हस्त बहाराला सप्टेंबर-ऑक्टोबरात, आंबे बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे पुस्तक एप्रिल-मेमध्ये हातात पाहिजे. ऑगस्टात आलं तर अर्धं गिऱ्हाईक पुढच्या हंगामावर गेलं.

हा कागद भरता आला नाही तर लिहायला बसू नका असं मी म्हणत नाही. लिहा, पण त्यावर घरातले पैसे लावू नका.

विषयाला मागणी आहे की नाही हे ओळखीच्यांना विचारून कळत नाही. ओळखीचे सगळे 'जरूर काढा' म्हणतात. त्यापेक्षा पुस्तकातली तीन-चार प्रकरणं लेख म्हणून आधी बाहेर काढा. शेतीचं असेल तर कृषी नियतकालिकांत, एरवी पुरवण्यांत, किंवा नुसतं व्हॉट्सॲपवर. लेखाखाली आपला नंबर द्या. ज्यांचे फोन येतात त्यांची नावं, गाव, नंबर त्यांना विचारून वहीत उतरवा. ही वही पुढे कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त कामाला येते.

कथा-कादंबरीवाल्यांना हीच वाट वेगळ्या दारातून जाते. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नव्या कथालेखकाची पहिली ओळख अनेकदा दिवाळी अंकात होते. अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, तेव्हा दसऱ्याला कथा पाठवून उपयोग नाही. दोन-तीन वर्षं चांगल्या अंकांत नाव दिसलं की प्रकाशकाकडे हस्तलिखित घेऊन जाताना पत्रात सांगण्यासारखं काहीतरी असतं. कवितासंग्रहाबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. तो हौसेने काढावा, देखणा काढावा, आणि त्याचा खर्च लग्नकार्यासारखा धरावा.

तीनशे रुपये जातात कुठे

आता आकडेमोड. डेमी आकार (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), २०८ पानं, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेले १६ पानांचे १३ फॉर्म, किंमत ३०० रुपये, ५०० प्रती. खालचे दर उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला.

एकदाच होणारे खर्च: संपादन १२,०००, अक्षरजुळणी आणि मांडणी पानाला ४० रुपयांनी ८,३२०, मुद्रितशोधन पानाला २५ ने ५,२००, मुखपृष्ठ ६,०००. बेरीज ३१,५२०. कागद, छपाई, बांधणी प्रतीला ९० धरली तर ४५,०००. एकूण ७६,५२० रुपये. एक प्रत साधारण १५३ रुपयांना पडली.

आता विक्री. वितरक किंवा दुकानदार ४० ते ५० टक्के सूट मागतो. ४५ धरली तर तुमच्या हाती प्रतीमागे १६५ येतात, शिल्लक १२ रुपये. तीच प्रत तुम्ही स्वतः १० टक्के सवलतीने विकलीत तर २७० आले; टपाल आणि पॅकिंगचे ४० वजा जाता २३०.

५०० पैकी ५० प्रती अभिप्राय, भेट, ग्रंथालयात जमा अशा जातात, त्या जातातच. उरलेल्या ४५० पैकी २५० वितरकाकडून आणि २०० स्वतः विकल्या, तर ४१,२५० अधिक ४६,००० म्हणजे ८७,२५० आले. खर्च वजा करा: १०,७३० रुपये. दीड-दोन वर्षांच्या मेहनतीचे. यात तुमच्या फेऱ्यांचं पेट्रोलही धरलेलं नाही.

दुसऱ्यांदा ५०० छापल्या तर? खर्च फक्त ४५,०००. ३०० वितरकाकडून, २०० थेट: ४९,५०० अधिक ४६,०००. शिल्लक ५०,५००. पुस्तक तेच आहे, लेखक तोच आहे.

आणि प्रकाशकाकडे दिलंत तर? छापील किमतीवर १० टक्के मानधन म्हणजे प्रतीला ३० रुपये, ५०० प्रतींना १५,०००, खिशातून एक पैसाही न घालता. म्हणजे पहिल्या ५०० प्रतींपुरता प्रकाशक तुम्हाला जास्त देतो, शिवाय धोका त्याचा. दुसऱ्या छपाईपासून पारडं फिरतं. स्वतः काढायचं की प्रकाशकाकडे द्यायचं हा वाद लोक स्वाभिमानाच्या भाषेत घालतात. तो खरा दुसऱ्या आवृत्तीच्या शक्यतेचा आणि तुमच्या त्या वहीतल्या नंबरांचा प्रश्न आहे. दोनशे माणसं तुमच्याकडून थेट घेतील अशी खात्री असेल तर स्वतः काढा. नसेल तर चांगला प्रकाशक शोधा आणि लिहिण्याकडे लक्ष द्या.

प्रकाशक शोधताना त्याची गेल्या दोन-तीन वर्षांची सूची बघा. आध्यात्मिक पुस्तकं काढणाऱ्याकडे डाळिंब नेऊन काय उपयोग? सोबत एक पानी पत्र, आशय दोन परिच्छेदांत, नमुन्याची दोन प्रकरणं आणि हे पुस्तक कोण घेईल तो कागद. उत्तराला महिने लागतात, तेवढे धरून चाला.

मध्येच एक तिसरा प्रकार भेटतो: तुमच्याकडून पैसे घेऊन स्वतःच्या नावाने छापणारा. हे वाईटच असतं असं नाही. सेवा म्हणून दर ठरवून काम करणारे प्रामाणिक लोक आहेत. पण पैसे तुमचे, प्रतींचा साठा त्याचा, हक्क त्याचे आणि मानधन मात्र १० टक्के, असा करार पुढ्यात आला तर सरळ उठून यावं. पैसे ज्याचे त्याच्या मालकीच्या प्रती, हा साधा व्यवहार आहे.

करार: इथे घाई नको

लेखकाचं खरं भांडवल म्हणजे हक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिल्या क्षणापासून तो तुमचा असतो. नोंदणी सक्तीची नाही. करायची असेल तर साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क आहे. तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो चालतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, २०१० अखेर हक्क संपला, आणि आता त्यांची पुस्तकं कुणीही छापू शकतो. प्रदर्शनात एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या प्रकाशकांच्या प्रती शेजारी-शेजारी दिसतात त्या म्हणून. एवढी वर्षं टिकणारी मालमत्ता असेल तर मृत्युपत्रात तिची एक ओळ हवी. हक्काचे वारस कोण हे ठरत नाही म्हणून चांगली पुस्तकं छपाईबाहेर राहतात.

हक्क देणं लेखीच लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. पण मुदत 'कायमस्वरूपी' अशी लिहून तुम्ही सही केलीत तर हा आधार गेला. म्हणून पुढच्या गोष्टी वाचूनच सही करा.

हक्क किती वर्षांसाठी किंवा किती प्रतींसाठी? नुसतं 'पहिली आवृत्ती' लिहू नका, आवृत्तीतल्या प्रतींचा आकडा लिहून घ्या. आपल्याकडे आवृत्ती हजाराची असते तशी दोनशेचीही असते, आणि लेखकाला फरक बराच उशिरा कळतो. मानधन छापील किमतीवर की प्रकाशकाला मिळालेल्या रकमेवर? दुसऱ्या पद्धतीने १० टक्के म्हणजे वरच्या उदाहरणात तीसचे साडेसोळा रुपये. हिशेब वर्षातून किती वेळा आणि कोणत्या तारखेपर्यंत? पुस्तक संपून, समजा, एक वर्ष उलटलं तरी छापलं नाही तर हक्क आपोआप लेखकाकडे परत, हे कलम जरूर घाला. प्रकाशक मोडता घालेल. तरी आग्रह धरा. पुस्तक छापतही नाही आणि सोडतही नाही ही अवस्था सगळ्यात वाईट.

ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, नाट्य-चित्रपट रूपांतर हे हक्क एकगठ्ठा देऊ नका. करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय जात नाहीत, असं २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायदा म्हणतो. ई-बुक आणि ऑडिओ आता रूढ आहेत, त्यामुळे तिथे या तरतुदीचा आधार मिळणार नाही. सही केली की गेले. डाळिंबाच्या पुस्तकाचंच बघा: डाळिंब कर्नाटकात आणि गुजरातेतही मोठं पीक आहे. कन्नड आणि गुजराती भाषांतराचे हक्क मूळ पुस्तकापेक्षा जास्त देऊन जाऊ शकतात.

छापायला देण्याआधी

संपादन आणि मुद्रितशोधन ही दोन कामं आहेत आणि ती दोन माणसांनी करावीत. संपादक प्रकरण उडवायला सांगतो. मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ बघतो. खर्च वाचवायचा म्हणून लेखक दोन्ही कामं भाच्याकडे देतो आणि मलपृष्ठावरच चूक राहते.

अक्षरजुळणीवर जरा थांबतो, कारण दुसऱ्या छपाईचे पैसे इथेच बुडतात. अजून अनेक ठिकाणी काम जुन्या, युनिकोड (अक्षरं सगळ्या संगणकांवर सारखीच ओळखली जाण्याची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये होतं. छापील पान सुरेख दिसतं. पण पुढे त्याच फाइलचं ई-बुक करायला गेलात की रूपांतरात 'ऱ्या'चा चुथडा होतो, रफार शेजारच्या अक्षरावर जातो, जोडाक्षरं सुटतात; पुन्हा अख्खं मुद्रितशोधन करावं लागतं. काम सुरू होण्याआधीच सांगून ठेवा: युनिकोडमध्येच हवं. आणि काम झाल्यावर नुसती पीडीएफ घेऊन येऊ नका. शेवटच्या दुरुस्त्यांसह मूळ खुली (म्हणजे पुढे बदल करता येतील अशी) फाइल, वापरलेल्या फॉन्टची नावं आणि मुखपृष्ठाची मूळ फाइल घेऊन दोन ठिकाणी साठवा. चार वर्षांनी पुनर्मुद्रण करताना ऑपरेटर दुसरीकडे गेलेला असतो, त्याचा संगणक बदललेला असतो आणि २०८ पानं नव्याने टाइप करायची पाळी येते.

कागद निवडताना टपालाचा काटा डोळ्यांसमोर ठेवा. टपाल खात्याची पुस्तकांसाठीची 'ज्ञान पोस्ट' सेवा १ मे २०२५ ला सुरू झाली तेव्हा दर होता ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, कर वेगळा. जास्तीत जास्त ५ किलोला १०० रुपये. डेमी आकाराचं २०८ पानी पुस्तक ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) कागदावर मुखपृष्ठासह साधारण २४० ग्रॅम भरतं, पाकीट धरूनही तीनशेच्या आत. ८० जीएसएम घेतला की तेच २७० च्या पुढे जातं, आणि जाड पुठ्ठ्याचं पॅकिंग केलं तर सीमा ओलांडतं. रंगीत फोटो असतील तर ते पुस्तकभर न विखुरता एका आठ पानी वेगळ्या फॉर्ममध्ये घ्या. आर्ट पेपर तेवढ्यापुरताच लागतो. रोगाचे फोटो मात्र काळ्या-पांढऱ्यात देऊ नका, तेल्याचा डाग ओळखता आला नाही तर शेतकऱ्याने पुस्तक घेतलं कशाला?

पहिल्यांदा किती प्रती? ऑफसेटला (प्लेटवरून होणाऱ्या छपाईला) प्रती वाढल्या की दर उतरतो, आणि त्या मोहात माणूस हजार छापतो. खोलीभर गठ्ठे, पावसाळ्यात कसर, घरच्यांची बोलणी. डिजिटल छपाईत शंभर-दोनशे प्रती निघतात. प्रतीमागे दर जास्त पडतो, पण चुका दुरुस्त करायला वाव राहतो.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन मिळतो, विनामूल्य. लेखक-प्रकाशकालाही मिळतो. छापील प्रत आणि ई-बुक यांना वेगवेगळा क्रमांक लागतो. यासाठी कुणी पैसे मागत असेल तर ते त्याच्या हमालीचे आहेत. प्रकाशनानंतर ३० दिवसांत १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी इथे प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. हे 'प्रकाशका'चं काम, आणि स्वतः काढलंत की प्रकाशक तुम्हीच. दुसऱ्याच्या कवितेच्या किंवा गाण्याच्या ओळी प्रकरणाच्या माथ्यावर घातल्या असतील तर परवानगी घ्या. ओळी दोनच आहेत ही सबब नाही.

पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. त्यांचं वेळापत्रक त्यांचं असतं, त्यावर हंगाम अवलंबून ठेवू नका.

विकणं

प्रकाशनपूर्व सवलत हा आपल्याकडचा जुना आणि अजूनही चांगला मार्ग. ज्ञानकोशकार केतकरांनी १९१६ साली नागपुरात चक्क लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गोळा केले आणि २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश पुरा केला. आपल्याला एका पुस्तकाचे दीडशे ग्राहक नोंदवायचे आहेत. तीनशेचं पुस्तक अमुक तारखेपर्यंत २२० ला घरपोच, क्यूआर कोड सोबत, असा निरोप त्या वहीतल्या नंबरांना पाठवा. छापखान्याचा निम्मा खर्च आगाऊ हातात येऊ शकतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे किती प्रती छापायच्या ते कळतं. तारीख मात्र पाळा. पैसे घेऊन सहा महिने पुस्तक न देणाऱ्याच्या दुसऱ्या पुस्तकाला कुणी नोंदणी करत नाही.

प्रकाशन समारंभ करायचाच असेल तर स्वस्तात करा. हॉल, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचा प्रवास, चहा-वडा यांत शंभर प्रतींचा छपाईखर्च सहज जातो, आणि आलेले निम्मे लोक फुकट प्रतीच्या अपेक्षेने आलेले असतात. विक्रीचं टेबल दारात हवं, मंचाशेजारी नको. आणि ते सांभाळायला लेखकाचा मेहुणा नको, पैसे मागायला न लाजणारा माणूस हवा. बागायतदारांनी हॉल घेण्यापेक्षा रोपवाटिकेच्या आवारात बहार-नियोजनाची बैठक ठेवावी आणि तिथे पुस्तक मांडावं.

ग्रंथालयं हे मराठी पुस्तकांचं मोठं गिऱ्हाईक. राज्यात अ, ब, क, ड वर्गांची अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं अकरा हजारांच्या आसपास आहेत. त्यांची खरेदी अनुदानाच्या हप्त्यावर चालते, त्यामुळे मार्चअखेर गर्दी उसळते. सूट घसघशीत मागतात, पण एका फेरीत प्रती जातात. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथयादीसाठी पुस्तक वेळेत पाठवा. अ वर्गाच्या ग्रंथालयांना स्वतः पत्र लिहिलं तरी चालतं. बिल छापील आणि नीट पाहिजे.

वितरकाला माल उधारीवर जातो. प्रत्येक वेळी चलनावर सही घ्या, आणि पहिल्या खेपेला पन्नासच्या वर देऊ नका. पैसे आले की पुढच्या पन्नास. साहित्य संमेलनातलं ग्रंथप्रदर्शन किंवा पुण्यात २०२३ पासून डिसेंबरात होणारा पुस्तक महोत्सव इथे एका पुस्तकासाठी पूर्ण गाळा घेणं परवडत नाही. चार लेखकांनी मिळून घ्या, किंवा ओळखीच्या प्रकाशकाच्या टेबलावर जागा मागा.

ई-बुक किंडलवर मराठीत काढता येतं. तिथे मानधनाचे ३५ आणि ७० टक्के असे दोन पर्याय आहेत. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ई-बुक ठरावीक काळ फक्त त्यांच्याकडेच ठेवण्याच्या योजनेत जावं लागतं. कादंबरीला हे ठीक. डाळिंबाच्या पुस्तकाला ई-बुकची घाई नको. ते गोठ्यातल्या खुंटीला अडकवून वाचायचं पुस्तक आहे.

कर आणि वही

छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. प्रकाशक तुम्हाला मानधन देतो त्यावरचा जीएसटी सर्वसाधारणपणे प्रकाशकच उलट आकारणीने भरतो. आयकरात मात्र मानधन आणि नफा यांत फरक पडतो. साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय पुस्तकाच्या मानधनावर १९६१ च्या कायद्यातल्या ८० क्यूक्यूबी कलमाने ३ लाखांपर्यंत वजावट मिळे, तीही जुन्या करप्रणालीतच आणि शालेय पाठ्यपुस्तकं सोडून. स्वतः छापून मिळवलेला नफा हे धंद्याचं उत्पन्न. त्याला ही वजावट लागू नाही, पण छपाईचा खर्च वजा होतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सीएला एकदा विचारून घ्या. पुस्तकासाठी वेगळं बँक खातं काढलंत तर त्याचंही काम सोपं होतं.

हिशेबाच्या वहीत दर महिन्याला चार रकाने भरा: छापलेल्या, विकलेल्या, उधारीवर गेलेल्या, घरात असलेल्या प्रती. घरात साठ-सत्तर उरल्या की पुनर्मुद्रणाचा विचार सुरू करा, पण त्याआधी वितरकांना फोन करून त्यांच्या फळीवर किती पडून आहेत ते विचारा. घरातला साठा संपला म्हणून घाईने पाचशे छापल्या आणि आठवड्याने दीडशे प्रती परत आल्या, असं होतं. वाचकांनी कळवलेल्या चुका, बदललेली औषधांची नावं, नवे दर एका प्रतीत लाल पेनाने नोंदवत चला. छापखान्यात जाताना ती प्रत आणि खुली फाइल एवढंच लागतं.